पाऊण इंच गिलावा

माझ्या नवऱ्याइतका सरळ माणूस शोधून सापडायचा नाही, आणि सापडलाच तर त्याच्याशी लग्न करू नका. हे मी रागाने लिहिते आहे आणि राग जायची वाट बघत बसणार नाही. आमचे हे गवंडी, त्यातही गिलाव्याचे. विटा कोणीही रचाव्यात, भिंतीवर शेवटचा हात फिरवायला ह्यांना बोलावणं यायचं. चाळीस वर्षं लोकांच्या भिंती गुळगुळीत केल्या, पण स्वतःच्या मागच्या अंगणात एक खोली बांधायची म्हटली तर परवानगीचा कागद हातात यायला एकतीस महिने लागले.

खोली हवी होती वन्संसाठी. वन्सं म्हणजे ह्यांची थोरली बहीण, पंधरा वर्षांनी मोठी. आई लवकर गेली, तेव्हा ह्यांना तिनेच वाढवलं. लग्न केलं नाही, शाळेत शिवण शिकवत राहिली. आमचं दोघींचं सख्य विळ्या-भोपळ्याचं. माझा चहा त्यांना पाणचट लागायचा आणि त्यांचं बोलणं मला टोचायचं. त्या शाळेजवळ भाड्याने राहत होत्या तोवर बरं चाललं होतं. मग एक दिवस त्या पडल्या, खुबा मोडला, आणि हे त्यांना थेट आमच्या घरी घेऊन आले. मला विचारण्याची पद्धत आमच्यात नाही.

घर आमचं अरुंद. खाली स्वयंपाकघर आणि पुढची खोली, वर झोपायची खोली आणि संडास. मध्ये तेरा पायऱ्यांचा उभा जिना. वन्संना एक पायरी चढता येईना. म्हणून पुढच्या खोलीत खाट टाकली, खाटेला पडदा लावला आणि पडद्यामागे भांडं ठेवलं. ते भांडं उचलायला मी. दिवसातून तीनदा, तेरा पायऱ्या वर, तेरा पायऱ्या खाली.

"तीन महिन्यांचा प्रश्न आहे," हे म्हणाले. "मागं खोली बांधतो. आतच संडास, उंबरा नाही, भिंतीला धरायला दांडा. ताई आपली आपण जाईल."

"मग बांधा की. मागच्या अंगणात कोण बघायला येतंय?"

"परवानगीशिवाय एक वीट लावणार नाही. तसल्या घराचा गिलावा मी एकदा केलाय. आठ दिवसांत पालिकेचे लोक येऊन घर पाडून गेले. मी समोर उभा होतो."

खालीच कुठेतरी संडास काढा म्हटलं, तर त्यालाही परवानगी लागते, आणि तीही पालिकेच्या त्याच एका खिडकीवर.

त्या खिडकीवरच्या माणसाला मी उद्यासाहेब म्हणायचे. त्याच्या तोंडी दुसरा शब्दच नव्हता. खोली लहान असल्यामुळे नकाशा स्वतः काढलेला चालेल असं त्यानेच सांगितलं, आणि ह्यांनी तीन रात्री बसून पट्टी-पेन्सिलीने नकाशा काढला. चार महिन्यांनी कळलं की सोबत सांडपाण्याचा वेगळा नकाशा लागतो. तो दिला. मग शेजाऱ्याचं संमतीपत्र लागलं. शेजारी सहा महिने मुलाकडे परगावी. तो आला, सही केली, तोवर अर्जाचा नमुना बदलला होता. मग झाडं तोडणार नाही असं झाडांच्या खात्याचं पत्र मागितलं. आमच्या अंगणात झाड नाही. "नाही, तर तसं पत्र आणा," उद्यासाहेब म्हणाला. झाडांच्या खात्यातला माणूस अंगणात उभा राहून चहूकडे बघून गेला आणि झाड नसल्याचं पत्र द्यायला त्याने सात आठवडे लावले.

मी एकदा स्वतः गेले खिडकीवर. म्हटलं, "साहेब, घरात म्हातारं माणूस आहे हो. तिची फार अडचण होते."

"अडचण सगळ्यांनाच असते, बाई. उद्या चौकशी करा."

आपल्या घरात संडास कुठे आहे, असं मला त्याला विचारायचं होतं. विचारलं नाही. हे दारात उभे होते आणि डोळ्यांनीच मला गप्प करत होते. रस्त्यात मी ह्यांच्यावर तोंड सोडलं. म्हटलं, जगात गाढवांची कमी नाही, पण स्वतःहून ओझं मागायला जाणारं हे एकच. हे हसले. त्या हसण्याचा मला जितका संताप आला तितका उद्यासाहेबाचाही आला नव्हता.

या सगळ्यात वन्संनी पाणी सोडलं. सोडलं म्हणजे सकाळी अर्धा पेला, संध्याकाळी गोळीपुरतं. जेवताना मी तांब्या पुढे केला की म्हणायच्या, "तहान नाही." उन्हाळ्यातही तहान नाही. ओठ सुकून पांढरे पडायचे. हे विनवायचे, "ताई, थोडं पी गं." त्या म्हणायच्या, "धाकट्या, तुझी खोली होऊ दे. मग विहीर पिते." भांडं आता दिवसातून एकदाच उचलावं लागायचं. खरं सांगायचं तर मला सुटल्यासारखं झालं होतं.

सव्विसाव्या महिन्यात जागा बघायला साहेब आला. तरुण, इस्त्रीचा शर्ट, हातात टेप. आधी चहा घेतला, मग विचारलं, "बाथरूम कुठंय?" मी जिन्याकडे बोट दाखवलं. तो दोन-दोन पायऱ्या चढून गेला, हात पुसत खाली आला. वन्सं पडद्याच्या फटीतून त्याचे पाय बघत होत्या.

नियम असा की नवी खोली जुन्या घराच्या भिंतीपासून सहा फूट हवी. साहेबाने भिंतीपासून ह्यांनी खोलीसाठी चुन्याने आखलेल्या रेषेपर्यंत टेप लावला. पाच फूट सव्वाअकरा इंच.

"पाऊण इंच कमी आहे, काका."

ह्यांचा चेहरा पडला. चूक ह्यांचीच होती, आणि गिलाव्याच्या गवंड्याशिवाय कोणी केली नसती. ह्यांच्या लेखी भिंत म्हणजे वीट. गिलावा म्हणजे अजून करायचं काम. वीस वर्षांपूर्वी स्वतःच त्या मागच्या भिंतीला गिलावा केला होता, पण माप घेताना विटेपासूनच धरलं.

"खोली इंचभर लहान करतो, साहेब."

"मग नवीन नकाशा. नवीन अर्ज, नवीन नंबर."

हे घरात गेले, छिन्नी-हातोडा घेऊन आले, आणि साहेबाने जिथे टेप लावला होता तिथून भिंत फोडायला लागले. तो गिलावा ह्यांचा सगळ्यात चांगला होता. शिकायला येणाऱ्यांना आणून दाखवायचे, हात फिरवायला लावायचे. तासाभरात भिंतभर लाल विटा उघड्या पडल्या. साहेब बाजूला उभा राहून मोबाइल बघत होता, शर्टावर धूळ येईल म्हणून मागे मागे सरकत होता. शेवटी ह्यांनी खोकत खोकत सांगितलं, "आता मोजा."

सहा फूट भरले. त्याने लिहून घेतलं. मी त्याच्या अंगावर चहाची किटली ओतली नाही, याचं मला अजून आश्चर्य वाटतं.

त्यानंतर सही व्हायला पाच महिने गेले, कारण सही करणारे रजेवर होते, मग बदलून गेले, मग नव्या साहेबांना विषय समजून घ्यायचा होता. कागद आला त्या दिवशी ह्यांनी पाया खणायला घेतला. खोली उभी राहिली सव्वीस दिवसांत. उंबरा नाही, धरायला दांडा, आतून कडी. वन्सं काठी टेकत आपल्या पायांनी आत गेल्या आणि कडी लावून घेतली. हे बाहेर उभं राहून रडले.

दहाव्या दिवशी वन्संना ताप भरला, लघवी थांबली. रुग्णालयात नेलं. तपासण्या झाल्यावर डॉक्टरांनी आम्हाला दोघांना आत बोलावलं. म्हणाले, दोन्ही मूत्रपिंडं खराब झालीत, आणि हे आठ-दहा दिवसांतलं नाही. फार दिवस पाणी कमी पडलंय. का पीत नव्हत्या?

ह्यांनी सगळं सांगितलं. खिडकी, नकाशे, झाडांचं पत्र, पाऊण इंच. मीही मध्ये मध्ये बोलत होते, उद्यासाहेबाला शिव्या घालत होते. डॉक्टर ऐकून घेत होते.

"पण तोवर खाली भांडं होतं ना?"

"होतं."

"उचलायला माणूस होतं?"

"होतं," हे म्हणाले. "हीच उचलायची. एक दिवस चुकली नाही."

"मग पाणी का सोडलं त्यांनी?"

ह्यांनी माझ्याकडे बघितलं, खरंच मला माहीत असेल म्हणून. आणि मला माहीत होतं. भांडं उचलताना मी नाक मुरडायचे, मोठ्याने उसासा टाकायचे, तेही त्यांना दिसेल, ऐकू जाईल असं. एकतीस महिने वन्संनी माझं ते तोंड बघितलं होतं. त्यासाठी मला कोणाची परवानगी लागली नव्हती.