वाघर म्हणजे शिकारीचं जाळं नव्हे

"वकीलसायेब, म्या शिकार केली न्हाई. वाघर लावली व्हती."

भिवा धनगर माझ्या जुन्नरच्या ऑफिसात उभा होता. त्याला घेऊन आले होते रहीमभाई, पेठेतले लोकरीचे व्यापारी. भिवाची लोकर तेच घ्यायचे. पिंपळवंडीच्या बाजूला राखीव रानाच्या कडेनं भिवाचा कळप बसला होता. रानाच्या गार्डनं त्याची वाघर उचलून नेली आणि राखीव रानात शिकार केल्याची केस घातली.

वाघर म्हणजे दोरीचं जाळं. रात्री मेंढरांभोवती खुंट्या ठोकून ते कुंपणासारखं उभं करतात. नावात वाघ असला, तरी वाघ धरण्याशी तिचा काही संबंध नाही. पण शिकारीच्या जाळ्याला वागूर म्हणतात. गार्ड परमुलखातला होता. त्यानं वाघर ऐकलं आणि वागूर लिहिलं.

"तारीख कधी हाये?" भिवानं विचारलं.

"पुढच्या आठवड्यात."

"तवर लांडगा थांबंल व्हय? काल दोन कोकरं नेली. बायकू आन् म्या आळीपाळीनं जागतोय."

मी त्याच दिवशी मामलेदारांकडे गेलो. इंग्रजी अमलात लहान फौजदारी केसेस त्यांच्याच कोर्टात चालत. जप्त केलेली वस्तू, म्हणजे मुद्देमाल, निकालाआधी सुटत नाही, असं ते म्हणाले. मी म्हटलं, "मग निकाल तरी लवकर लावा. कळप उघडा आहे." त्यांनी जरा विचार केला आणि दुसऱ्या दिवशीची तारीख दिली.

उलटतपासणीला गार्ड समोर आला. माणूस खोटारडा नव्हता. विचारलं तेवढंच सांगत होता.

"जाळ्यात जनावरं होती?"

"होती."

"कुठली?"

"मेंढरं."

"अडकली होती?"

"नाही. बसली होती."

"काय करत होती?"

गार्डनं मामलेदारांकडे पाहिलं. "रवंथ."

कोर्टात हशा पिकला. मी विचारलं, "आरोपीनं स्वतःच्याच मेंढरांची शिकार केली, असं तुमचं म्हणणं आहे?" भिवा सुटला आणि वाघर खांद्यावर टाकून दिवस मावळायच्या आत कळपाकडे गेला. मी खूश होतो. बाररूममध्ये दोन दिवस माझ्याच केसचा विषय होता.

मग अवसरीकडचे दोघे धनगर आले. "भाऊ, तुमी भिवाची सोडवली. आमची बी सोडवा." गार्ड दुसरा, केस तीच. तीही जिंकलो. त्यानंतर आणखी एकाची आली. निकाल सांगून झाल्यावर मामलेदारांनी मला आत बोलावलं.

"वकीलसाहेब, त्या मेंढरांना किती वेळा रवंथ करायला लावणार?"

"तुम्ही सोडता, ते पुन्हा धरतात. मी काय करू?"

"मी माणूस सोडू शकतो. पण रानाच्या रूलात कुठलंही जाळं शिकारीचं साधन धरलंय, तो रूल बदलणं माझ्या हातात नाही. ते बोर्डात, कौन्सिलात बसणाऱ्यांचं काम."

ही गोष्ट मी रहीमभाईंना सांगितली. ते म्हणाले, "मग बसा की. अडवलंय कुणी?"

तालुक्याच्या लोकल बोर्डाला मी उभा राहिलो तो असा. रहीमभाई बाजाराच्या गावांतून माझ्यासाठी फिरले. पुढं जिल्ह्याचा बोर्ड आणि मग कायदे करणारं मुंबईचं कौन्सिल. तिथं मी पहिला प्रश्न विचारला तो वाघरीचा. उत्तर आलं, चौकशी चालू आहे. पुढच्या बैठकीला पुन्हा विचारला. चौकशी चालूच होती. एक सभासद हसून म्हणाले, "राव, तुमच्याकडे दुसरा विषय नाही का?" मी म्हटलं, "आहेत. पण हा संपल्यावर."

शेवटी रूलमध्ये एक ओळ वाढली: मेंढरं कोंडायचं जाळं शिकारीचं साधन धरू नये. त्यानंतर जुन्नरच्या कोर्टात तसली केस आली नाही. माझं तेवढं काम कमी झालं आणि मला ते आवडलं.

कोर्टात उत्तर माहीत असेल तरच प्रश्न विचारावा, असं आम्हां वकिलांना शिकवतात. कौन्सिलात उत्तर सगळ्यांनाच माहीत असतं. तिथं समोरचा कंटाळेपर्यंत विचारत राहावं लागतं.