पोहता येतं म्हणालेला विश्वजीत

वारज्यातल्या विश्वजीतला कशाची भीती वाटते असं कोणी सांगितलं असतं, तर ऐकणारा हसलाच असता. सहा फूट उंची, व्यायामशाळेत कमावलेले खांदे, आणि वडिलांचा वाळू-खडीचा धंदा सांभाळताना डंपरवाल्यांशी रोज घालावे लागणारे वाद. मंडळाच्या मिरवणुकीत गर्दी मागे सारायची असली की पोरं त्यालाच पुढे करायची. पण पाण्याला तो लहानपणापासून घाबरायचा. गाव शहरात यायच्या आधी त्यांच्या मळ्यात विहीर होती. उन्हाळ्यात बाकीची पोरं तिच्यात धपाधप उड्या मारायची आणि हा काठावर त्यांचे कपडे राखत बसायचा. पुढे मळ्यावर सोसायटी उभी राहिली, विहीर बुजवली गेली, आणि विश्वजीतला पोहता येतं का हे विचारायची वेळ कोणावर आली नाही.

ती आली ऋतुजाला पाहायला गेल्यावर.

ऋतुजा पाषाणची. शाळेत असल्यापासून पोहणारी. राज्यपातळीवर पदकं मिळवलेली, आणि आता कोथरूडच्या एका तलावावर लहान मुलांना पोहायला शिकवणारी. पोह्यांचा कार्यक्रम उरकल्यावर घरच्यांनी दोघांना गच्चीवर बोलायला पाठवलं. तिने आढेवेढे घेतले नाहीत.

"माझं एकच म्हणणं आहे," ती म्हणाली. "माझं पोहणं सुटायला नको. लग्नानंतर बऱ्याच जणींचं सुटतं."

"नाही सुटणार."

"तुम्हाला येतं पोहायला?"

"येतं की," विश्वजीत म्हणाला.

दोन शब्द. तिचा चेहरा असा काही खुलला, की ते परत घ्यायचं त्याच्या मनातही आलं नाही. साखरपुडा झाला, 'तुम्ही'चं 'तू' झालं, आणि एका खोट्याला दुसरं जोडावं लागलं. तिने मालवणला स्कूबा डायव्हिंगचा कोर्स केला होता. पाठीवर हवेचं सिलिंडर बांधून, तोंडात नळी धरून समुद्राच्या तळाशी कसं जायचं, तिथे आपला श्वास आपल्यालाच कसा मोठ्याने ऐकू येतो, हे ती तासन् तास सांगायची. एकदा बोलता बोलता तो म्हणून गेला, "केलंय मीपण. गोव्याला, मित्रांबरोबर." मग लग्नानंतरची सहल तिनेच ठरवली. मुंबईहून लक्षद्वीपला जाणारी क्रूझ, आणि तिथे एक दिवस दोघांनी मिळून समुद्राखाली.

लग्न मार्गशीर्षात होतं. दिवाळी सरली तसा विश्वजीत शिकायला लागला. कोथरूडला तिच्या ओळखीचं कोणी ना कोणी भेटणार, म्हणून त्याने शहराच्या पार दुसऱ्या टोकाचा, येरवड्याच्या पुढचा एक तलाव शोधला. तिथे सौरभ नावाचा एक तरुण स्कूबाचे धडे द्यायचा. रोज सकाळी गाडी काढून तो निघायचा. वडिलांनी, आप्पासाहेबांनी, एकदा विचारलं, "येरवड्याला काय काढलंयस रे रोज? जेलात खोली बघून ठेवतोयस का?" साइटचं काम आहे, असं सांगून त्याने वेळ मारून नेली.

पहिल्या दिवशी सौरभने त्याला छातीभर पाण्यात उभं केलं, नळी तोंडात दिली आणि नुसतं वाकून चेहरा पाण्यात घालायला सांगितलं. विश्वजीतने घातला. एक श्वास आत आला. दुसरा आलाच नाही. म्हणजे हवा येत होती, छाती ती घेईना. तो ताडकन उभा राहिला, नळी थुंकली आणि कठड्याला दोन्ही हातांनी धरून धापा टाकू लागला.

"दादा," सौरभ शांतपणे म्हणाला, "इथे नुसतं उभं राहिलं तरी डोकं बाहेर असतं. बुडायचं ठरवलंत तरी जमायचं नाही."

विश्वजीत हसला, पण त्याने कठडा सोडला नाही. असं पुढे रोज होत गेलं. नळीतून श्वास घेणं कसंबसं अंगवळणी पडलं, तर मास्कने घोडं अडवलं. मास्कमध्ये पाणी शिरलं की न घाबरता वर बघायचं, कपाळाशी काच दाबायची आणि नाकातून फुंकर मारायची, की पाणी खालून निघून जातं. ऐकायला सोपं. पण नाकाशी पाणी लागलं की विश्वजीतचं सगळं शिकलेलं पुसलं जायचं. मास्क ओरबाडून तो उसळी मारून वर यायचा. घरी उशाशी ठेवलेला पाण्याचा तांब्याही त्याला नकोसा झाला. सौरभने त्याला कानांचंही शिकवलं होतं. खोल जाताना पाण्याचा दाब कानावर येतो, म्हणून दर थोड्या अंतरावर नाक चिमटीत धरून हलकेच फुंकायचं आणि कान मोकळे करायचे. हे मात्र त्याला पहिल्याच दिवशी जमलं. त्याला वाटलं, निदान एक तरी गोष्ट येते.

लग्नाला आठवडा राहिला असताना एका सकाळी त्याने मास्कमधलं पाणी काढून दाखवलं. उथळ पाण्यात, गुडघ्यांवर बसून, एकदाच. वर आल्यावर त्याने सौरभला मिठी मारली.

सौरभने पाठ थोपटली, पण तो खूष दिसला नाही. "दादा, राग मानू नका. एकदा जमणं म्हणजे येणं नव्हे. तुम्ही समुद्रात उतरू नका. यंदा नको. पुन्हा या, मी शिकवीन."

"बायकोबरोबर जायचंय."

"मग तिला सांगा. खाली माणूस बरोबरच्यावर विसंबून असतो. तिला माहीत पाहिजे तुम्ही किती पाण्यात आहात."

विश्वजीतने मान डोलावली. गाडीत बसल्यावर त्याने ऋतुजाचा नंबर काढलाही, आणि तेवढ्यात तिचाच निरोप आला. क्रूझवर दोघांनी घालायच्या सारख्या टोप्यांचा फोटो. त्याने अंगठा पाठवला आणि गाडी सुरू केली.

आई तेवढी बोलली. तुळजाबाईंनी गाडीच्या डिकीत ओली चड्डी आणि टॉवेल पाहिला होता. हळदीच्या आदल्या दिवशी त्याला एकट्याला गाठून त्या म्हणाल्या, "पाण्याला जातोस व्हय? बरं करतोस. पण तिला सांग की. तुझ्या पोहण्याशी लगीन न्हाई लावत ती."

"सांगतो गं."

"आज सांग."

त्याने सांगितलं नाही. मांडव, पाहुणे, जागरण-गोंधळ यात दिवस गेले. जहाजावर तर तो सुखातच होता. ऋतुजा डेकवर वाऱ्यात उभी राहायची, केस चेहऱ्यावर यायचे, आणि ती त्याचा हात धरून म्हणायची, "घरी सगळ्यांसमोर तुला 'अहो' म्हणताना मला हसू येतं." त्याला वाटायचं, आत्ता सांगावं. मग वाटायचं, एवढ्या चांगल्या वेळी कशाला.

बेटाजवळ जहाज थांबलं. लहान बोटीतून त्यांना किनाऱ्यावर नेलं. तिथल्या डायव्हिंगवाल्याने हिंदीत विचारलं, आधी केलंय का. ऋतुजाने आपलं कोर्सचं कार्ड दाखवलं. विश्वजीत म्हणाला, माझं घरी राहिलं. नवख्या माणसाला तिथे एक स्वतंत्र वाटाड्या द्यायचे, तो खांद्याला धरूनच खाली न्यायचा. या दोघांना मिळून एकच दिला, आणि तो पुढे पोहत वाट दाखवायला लागला.

सुरुवातीला सगळं ठीक होतं. एका मजल्याइतकं ते खाली गेले असतील. पाणी इतकं स्वच्छ होतं की आपली सावली वाळूवर पडलेली दिसत होती. ऋतुजाने वळून अंगठा आणि बोट जुळवून 'ठीक?' असं विचारलं. त्यानेही तसंच केलं. वाटाड्याने दोघांचा एक फोटो काढला आणि तो पुन्हा पुढे झाला. मग विश्वजीतच्या मास्कच्या कडेतून पाण्याची एक बारीक धार आत आली.

वर बघायचं. काच दाबायची. फुंकायचं. त्याला सगळं आठवत होतं, आणि त्यातलं काहीही हात करेनात. पाणी नाकाशी आलं. त्याने मास्क ओढून काढला, डोळ्यांत खारं पाणी भरलं, तोंडातली नळी सुटली, आणि जे पहिलं हाताला लागलं त्याला त्याने मिठी मारली. ती ऋतुजा होती.

पुढचं त्याला तुकड्या-तुकड्यांनी आठवतं. तिने त्याला झिडकारलं नाही. नळी शोधून त्याच्या तोंडात कोंबली आणि तो ती पुन्हा थुंकू नये म्हणून एका हाताने दाबून धरली. दुसरा हात त्याच्या पट्ट्यात अडकवला, कारण तो सुटला असता तर श्वास कोंडून सरळ वर उसळला असता, आणि तसं वर येणाऱ्याची फुप्फुसं फुटतात. दोघं एकमेकांत अडकून उतारावरून खाली घसरत गेले, एक मजला, दोन मजले. कान मोकळे करायला नाक चिमटीत धरावं लागतं. तिचे दोन्ही हात त्याच्यात गुंतले होते. वाटाड्या मागे वळून त्यांच्यापर्यंत पोहोचेस्तोवर जे व्हायचं ते होऊन गेलं होतं.

बोटीत विश्वजीत ओकला आणि शुद्धीवर आला. ऋतुजा बोटीच्या काठाला धरून बसली होती. तिला सगळं गरगर फिरत होतं आणि उजव्या कानातून रक्ताची एक बारीक रेघ मानेवर उतरली होती. तिने पहिलं विचारलं, "तू बरा आहेस ना?"

पुण्याला आल्यावर कानाच्या डॉक्टरांनी तपासण्या केल्या. नुसता पडदा फाटला असता तर भरून आला असता, ते म्हणाले. इजा आतल्या कानाला झाली होती. औषधं झाली, शस्त्रक्रिया झाली. चक्कर बरीच कमी झाली, पण उजवा कान गेला तो गेला, आणि त्यात एक बारीक शिट्टी कायमची वाजत राहिली. डायव्हिंग आता कधीच नाही. पोहणंही नको, पाण्यात डोकं घातलं की तोल जाईल, दिशा कळणार नाही. ऋतुजाने विचारलं, "मुलांना शिकवताना काठावर उभी राहिले तर?" डॉक्टर म्हणाले, "एखादं मूल बुडायला लागलं तर उडी माराल ना? मग नको."

परत येताना चांदणी चौकाच्या अलीकडे गाड्या तुंबल्या होत्या. विश्वजीतने समोर बघत बोलायला सुरुवात केली. विहिरीपासून सगळं सांगितलं. गच्चीवरचं खोटं, गोव्याचं खोटं, येरवड्याच्या पुढचा तलाव, सौरभ काय म्हणाला ते. ऋतुजा खिडकीबाहेर बघत होती. त्याने तिच्या हाताला हात लावला तेव्हा ती वळली.

"काही म्हणालास? या बाजूने ऐकू येत नाही मला."

त्याने गाडी कडेला घेतली आणि तिच्याकडे तोंड करून सगळं पुन्हा सांगितलं. दुसऱ्यांदा ते फार लहान झालं. चार वाक्यांत संपलं.

ती रडली नाही, चिडलीही नाही. म्हणाली, "तू नाही येत म्हणाला असतास, तर तू किनाऱ्यावर बसला असतास. मी जाऊन आले असते. मग आपण नारळपाणी प्यायलो असतो."

"ऋतुजा..."

"एवढंच झालं असतं, विश्वजीत. मी तेच शोधतेय, की याहून जास्त काय झालं असतं. काही सापडत नाही." मग ती म्हणाली, "चल, आई जेवायच्या थांबल्या असतील."

त्यानंतर तिने तो विषय काढला नाही. तो काढायला गेला की ती ऐकून घ्यायची, मान हलवायची आणि हातातल्या कामाकडे वळायची. सासरी, माहेरी, तलावावर, शेजारीपाजारी तिने एकच सांगितलं होतं, कानात पाणी गेलं. विश्वजीतचं नाव तिने कुठेही येऊ दिलं नाही. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं, असं त्याला वाटायचं. ती एका शाळेच्या कार्यालयात लागली. स्कूटरवर तोल जातो म्हणून तो तिला सोडायला जायचा. वाटेत दोघं भाजी काय आणायची ते बोलायचे. तो येरवड्याकडे पुन्हा गेला नाही. सौरभचा फोन एकदा आला होता, कशी झाली सहल विचारायला. तो त्याने वाजू दिला.

पुढच्या दिवाळीला पाहुणे आले तेव्हा आप्पासाहेबांनी वाटाड्याने काढलेला तो फोटो मोठा करून दिवाणखान्यात लावलेला होता. निळ्या पाण्यात दोघं, दोघांच्याही बोटांची 'ठीक'ची खूण. "समुद्राच्या तळाला गेलेत आमचे चिरंजीव," ते प्रत्येकाला सांगत होते. "आमच्या सात पिढ्यांत कोणी गेलं न्हाई." तुळजाबाई फराळाच्या बश्या भरत राहिल्या. फोटो पाहून एक मावशी ऋतुजाला म्हणाल्या, "भीती नाही वाटली गं?"

त्या तिच्या उजव्या हाताला बसल्या होत्या. ऋतुजा करंजीची बशी पुढे करत दुसऱ्याच कोणाकडे बघून हसली. मावशींनी मग विश्वजीतकडे पाहिलं.

"नाही वाटली," विश्वजीत म्हणाला, आणि चहाचे रिकामे कप उचलून आत गेला.