हँडलची उंची

धाकटा महिन्याचा होता आणि थोरली दोन वर्षांची, तेव्हा आम्ही दोन सीटची बाबागाडी घ्यायला गेलो. नवरा आणि सासरे अगदी रंगून गेले होते. चाकं फिरवून पाहिली, ब्रेक दाबून पाहिले. सीट शेजारी शेजारी बऱ्या की पुढेमागे, यावर दोघांचा छान वाद झाला. धाकट्याला खांद्यावर घेऊन, थोरलीचा हात धरून मी उभी होते. टाके अजून दुखत होते. मला कुणी काही विचारलं नाही, आणि तेव्हा त्याचं वाईटही वाटलं नाही.

गाडी ठरली. दुकानातल्या मुलीने विचारलं, "हँडल कुणाच्या उंचीला लावू?"

"हिच्या," नवरा म्हणाला, माझ्याकडे न बघताच. सासऱ्यांनी मान डोलावली.

संसारात निवडायला सगळं घर हौसेने येतं. ढकलायचं कुणी, हे मात्र आधीच ठरलेलं असतं, इतकं की ते सांगताना कुणाचा आवाजही बदलत नाही. भांडायचं तरी कशावरून? त्याने वाईट असं काहीच म्हटलं नव्हतं.

पुढे एका संध्याकाळी बागेच्या चढावर मी दोघांना ढकलत होते. तो खिशात हात घालून बाजूने चालत होता. समोरून शेजारच्या काकू आल्या आणि कौतुकाने म्हणाल्या, "नशीबवान आहेस गं. मुलांना फिरवणारा नवरा मिळाला."

तो लाजून हसला. चढावर गाडी सोडता येत नाही. मी पुढे निघाले.