वाकून पाहिल्याशिवाय इअरबड नाही

मोबाईलच्या दुकानात मालापेक्षा किस्सेच जास्त साचतात. सिंदी रेल्वे या गावातलं माझं दुकान हातभर, पण कोणता इअरबड टिकतो आणि कोणता टोचतो, याचा निकाल इथेच लागतो. छाती फुगवून सांगतो!

लोक डब्यावरचं रेटिंग वाचतात. माझी टेस्ट वेगळी. बड कानात घालायचे आणि काउंटरजवळ बसलेल्या माझ्या बाबांच्या वाकून पाया पडायचं. बड पडला, तर तो तुमच्या कानाचा नाही!

बाबांना कारण ठाऊक नव्हतं. आठवडाभर आशीर्वाद देऊन म्हणाले, "आजकालचे पोट्टे लय संस्कारी झाले बाप्पा!"

*

नागपूरचा सेल्समन म्हणाला, "दिवसभर घाला, कानात आहे हे कळणारसुद्धा नाही."

मे महिना होता. त्याच्या कानात त्याचेच बड घातले, वरून डोक्याला दुपट्टा करकचून बांधला आणि गाडीवर मागे बसवून पवनारपर्यंत नेलं.

उतरला तो कान चोळतच. "भाऊ, दुसरं मॉडेल दाखवू का?"

*

एक गुरुजी तणतणत आले. बड पॅन्टच्या खिशात राहिले आणि वॉशिंग मशीनमध्ये धुऊन निघाले.

"बंद पडले का?"

"बड चालू आहे हो! पॅन्टचा रंग गेला. तिची वॉरंटी कोण देईन?"

*

आता कविताचं ऐका. आईसोबत दिवसभर कापूस वेचायची, पोलीस भरतीचा अभ्यास करायची. क्लासला जायला वेळ कुठला?

"काका, वेचता वेचता लेक्चर आयकतो मी. पण वाकलं का बड पडते. पांढरा बड कापसात सापडते का कधी? दोन जोड्या गेल्या. हे बी गेली तं अभ्यास बंद."

मी काळे बड काढले. एकेक मॉडेल घालून ती वाकत राहिली. शेवटी बाबाच म्हणाले, "पोरी, आता आशीर्वाद संपले!"

मऊ रबराची एक जोडी मात्र हलली नाही. म्हटलं, "घे. ही पडली तर दुकानाची पाटी उतरवतो!"

कविता भरती झाली. पेढे घेऊन आली, सोबत तिची आई. दुकान गच्च भरलेलं. मी मुद्दाम मोठ्यानं विचारलं, "सांग सगळ्यांना! दोन्ही बड दिवसभर कानात टिकले का नाही?"

"माह्या कानात एकच राहे, काका. दुसरा मायच्या कानात."

आई पदर सावरत पुढे आली.

"हे तं चालली ट्रेनिंगले. मले नवी जोडी दाखवजो, भाऊ. यंदा दहावीच्या परीक्षेले बसतो मी."