रकाना अकरा : कोणाची मदत घेतली?

आमच्या शाळेच्या लॅबमधले मामा काल गेले, आणि मी त्यांच्यावर अजून चिडलेलोच आहे.

आधी एक दुरुस्ती. बॅचच्या ग्रुपवर सकाळपासून "आपले प्यून मामा गेले" चाललंय.

प्यून नाही. लॅब अटेंडंट. काशिनाथ धर्मा कोळी, राहणार दिवा.

माणूस गेल्यावर तरी हुद्दा नीट लिहा रे.

गोष्ट नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीची. मी नववीत, डोंबिवली वेस्टच्या मराठी शाळेत. मुंबईतल्या एका संशोधन संस्थेचा फॉर्म आला. मे महिन्यात चार आठवडे खऱ्या लॅबमध्ये, खऱ्या सायंटिस्ट लोकांबरोबर काम. राज्यभरातून वीस मुलं. स्वतः केलेला प्रयोग लिहून पाठवायचा, मग इंटरव्ह्यू.

मला ते किती हवं होतं, हे आता सांगून पटणार नाही. आमच्या घरात विज्ञानाचं एकच पुस्तक होतं. शाळेचं.

मी ठरवलं, कोपरच्या खाडीच्या पाण्यात मीठ किती ते मोजायचं. रोज संध्याकाळी बरोबर पाच वाजता बाटली भरायची. दुसऱ्या दिवशी लॅबमध्ये शंभर मिलीलीटर आटवायचं, उरलेलं मीठ तोलायचं.

आकडे वेड्यासारखे यायला लागले. एके दिवशी अडीच ग्रॅम. आठवड्याने एक ग्रॅमही नाही.

मी मामांना म्हणालो, "तुमचा काटा बिघडलाय."

"काटा बिघडलाय? ये, बघ."

त्यांनी काट्यावरची काचेची पेटी उघडली, काटा लेव्हल केला, एकच वजन तीनदा तोललं. तिन्हीदा तेच.

"आता बोल, सायंटिस्ट. कोन बिघडलंय?"

हा माणूस सरळ उत्तर कधी द्यायचाच नाही. दोन दिवस मी मागे लागलो. तिसऱ्या दिवशी बीकर विसळता विसळता विचारतात, "खाडीवर कधी जातोस?"

"पाचला. रोज. एक मिनिट इकडे तिकडे नाही."

"खाडी घड्याल घालते काय रं?"

मामांनी विसळलेला बीकर पालथा घातला.

"आज तिथी कोनती?"

"तारीख अठरा."

"तारीख नको. तिथी."

भिंतीवरच्या कॅलेंडरात बघितलं. अष्टमी.

"आठाची पाऊनपट कर."

"सहा."

"सहाला समुद्राला भरती. आपल्या खाडीत पानी वर चढाला आनखी तासभर. मंग सातला जा. माजा बापूस असाच होडी काढायचा. त्याला पन घड्याल नव्हतं."

सगळी रीडिंग्ज पुन्हा घेतली. दिवसाच्या दोन भरत्यांपैकी उजेडातली धरायची, पाणी पूर्ण चढलं की बाटली भरायची. एकूण चोवीस.

आकडे रांगेत उभे राहिले. एकही वाकडा नाही.

मग फॉर्म भरायला बसलो.

रकाना अकरा : या प्रयोगात कोणाची मदत घेतली?

मी लिहिलं, "कोणाचीही नाही."

लॅब अटेंडंटने तिथीवरून वेळा काढून दिल्या असं लिहिलं तर ती मोठी माणसं हसतील, असं मला वाटलं. मामांना तोंडावर सांगितलं, "मामा, तुमचं नाव नाही टाकलं."

"नको टाकू. नाव टाकून माजा पगार वाढनार हाय?"

आणि दारातून वळून, "पन बाला, कोनी इचारलं तं सांग."

इंटरव्ह्यूला बोलावलं! टेबलापलीकडे तिघं. त्यातल्या एका बाईंनी माझे कागद नीट वाचले होते. पहिलाच प्रश्न, "रोजची वेळ वेगळी आहे. कशी ठरवलीस?"

"वेळापत्रक बघून."

"भरतीचं? कुठे मिळालं?"

"पुस्तकात."

"कोणत्या पुस्तकात?"

उत्तर मला येत होतं. शाळेत आठाची पाऊणपट मी झोपेतही सांगितली असती. त्या बाई थांबल्या होत्या, अगदी प्रेमाने थांबल्या होत्या. आणि मी खाली मान घालून टेबलाची कड बघत बसलो.

"बरं," त्या म्हणाल्या आणि कागद मिटले.

पंधरा दिवसांनी कार्ड आलं. निवड झालेली नाही.

मी तडक लॅबमध्ये. "तुमच्या तिथीमुळे गेलं माझं!"

मामांनी हात पुसले. "तू त्यांना तिथी सांगलीस?"

"नाही."

"मंग तिथी मधी कुठं आली?"

आणि पुन्हा बीकर विसळायला लागले. असा संताप आला होता मला! समजूत घालतील, निदान बिचारा तरी म्हणतील. काही नाही. नळ चालू.

त्यानंतर तीस-बत्तीस वर्षं मी लोकांना सांगत आलो की एका अडाणी माणसाचं ऐकलं आणि माझा चान्स गेला.

कॉलेज मी केलं नाही. लॅबचे काटे दुरुस्त करतो, कॅलिब्रेट करतो. माझ्या कामात मिलिग्रॅमची चूक कोणी काढून दाखवावी. आणि कोणी विचारलं, कुठे शिकलात, की छाती काढून सांगतो, "कोणी शिकवलं नाही. सगळं स्वतः."

काल बातमी कळली तेव्हा एका काट्यासमोर बसलो होतो. लेव्हल केला. एकच वजन तीनदा तोललं.

आणि हात तिथेच थांबला.

काचेची ती पेटी माझ्यासमोर पहिल्यांदा कोणी उघडली होती?

मामा, किती राग यावा माणसाला! तुम्ही एकदा तरी ओरडायला हवं होतंत माझ्यावर. मधल्या वर्षांत दोनदा दिव्याच्या बाजारात भेटलात, दोन्हीदा "काय सायंटिस्ट?" एवढंच. मी हसून पुढे गेलो.

आज कोणी विचारलेलं नाही. तरी सांगतो.

रकाना अकरा. या प्रयोगात कोणाची मदत घेतली?

श्री. काशिनाथ धर्मा कोळी, लॅब अटेंडंट. वेळा त्यांच्या. काटा त्यांनी शिकवला. बाटल्या मी भरल्या.

फॉर्म फार उशिरा दुरुस्त केला, मामा. नमस्कार करतो.