मागच्या दाराची काच

मिस ऑर्डेला वेदर्सनं तीस वर्षं शाळेची बस चालवली आणि त्या कमाईतून आमच्या समोरचं दुमजली घर घेतलं. वर ती राहायची, खाली सरकारी योजनेतले भाडेकरू. भाड्यातला मोठा वाटा सरकार भरायचं. "सरकार काही बाडबिस्तरा गुंडाळून पळून जात नाही," असं ती ऐटीत म्हणायची. गल्लीतले बाकीचे घरमालक एकेक करून योजनेतून बाहेर पडले, तेव्हा तिनं त्यांना तोंडावर भित्रे म्हटलं होतं.

कोरीन तिची शेवटची भाडेकरू. रँडल नावाच्या नवऱ्याच्या माराला कंटाळून लहानग्या पियाला घेऊन आलेली. ऑक्टोबरात त्यानं तिला शोधलंच. मागच्या दाराची काच फोडून हात आत घातला आणि खिट्टी फिरवली. पोलीस वेळेवर आले म्हणून ती वाचली. कोर्टानं त्याला लांब राहायला बजावलं, पण त्याची हिरवी गाडी आठवड्यातून एकदा तरी आमच्या गल्लीतून हळूच जायची.

माझा कुलपांचा धंदा. मिस ऑर्डेलानं मला बोलावलं. "थॅडियस, आतूनसुद्धा किल्लीशिवाय उघडणार नाही असं काहीतरी बसव." मी बसवलं. काच मात्र कोरीननं पुन्हा लावून घेतली, कारण स्वयंपाकघरात ऊन तेवढं तिथूनच यायचं.

जानेवारीत योजनेचा इन्स्पेक्टर तपासणीला आला. मी तिथंच होतो.

"बाई, हे कुलूप चालणार नाही. आग लागली तर भाडेकरू किल्ली शोधत बसणार का? चोवीस तासांत काढा."

"आणि तो रँडल आला तर?" मिस ऑर्डेलानं विचारलं.

"त्याला माझ्या फॉर्ममध्ये जागा नाही हो."

पोरगा वाईट नव्हता, चुकीचंही बोलत नव्हता. मिस ऑर्डेलानं बिनकाचेचं लोखंडी दार मागवलं, पण ते यायला तीन आठवडे होते. तोवर कुलूप काढणार नाही, म्हणून ती अडून बसली. योजनेच्या ऑफिसनं सरकारी वाट्याचं भाडं थांबवलं.

दार आलं. मी साधी खिट्टी लावून बसवून दिलं. फेरतपासणीच्या दिवशी ती सकाळी आठपासून खिडकीत खुर्ची टाकून बसली, जेवायलासुद्धा उठली नाही. कोणी फिरकलं नाही. नंतर पत्र आलं: घरी कोणी नव्हतं. पुढच्या खेपेला दुसराच इन्स्पेक्टर आला. दार पास झालं, पण पायऱ्यांच्या कठड्याचा रंग उडालाय म्हणून घर पुन्हा नापास. बाहेर गुडघाभर बर्फ, रंग लावायचा कसा?

"तीस वर्षं लोकांची पोरं धडधाकट घरी पोचवली मी," ती कडाडली, "आणि हे मला लबाड ठरवतात!" करार संपला की योजनेतून बाहेर पडते, असं तिनं त्याच दिवशी लिहून टाकलं.

"कोरीनचं काय? तिला योजनेतलंच घर परवडतं," मी म्हणालो.

"मिळेल तिला दुसरं. मी थकले रे."

तेव्हा मी तिच्याशी भांडायला हवं होतं, हे मला आजही खातं.

मे महिन्यात कोरीन गेली. नवा पत्ता आम्हा दोघांनाच ठाऊक होता, आणि आम्ही तो कुणापुढे उच्चारला नाही.

जूनमधल्या एका रविवारी, चर्चहून येऊन आम्ही तिच्या पायऱ्यांवर कॉर्नब्रेड खात बसलो होतो. हिरवी गाडी थांबली. रँडल उतरला आणि टोपी काढून अदबीनं उभा राहिला.

"कोरीन इथं नाही राहत," मिस ऑर्डेला म्हणाली. "चालता हो."

"माहीत आहे मला. तुमचे आभार मानायला आलो, मॅडम."

"कसले आभार?"

"तुम्ही ती योजना सोडलीत ना? सरकारी भाडेकरू ठेवणारे गावात आता उरलेत किती? तीन घरं. तिन्ही बघायला मला एक दुपार पुरली."

टोपी घालून तो निघून गेला. घाई अशी नव्हतीच त्याला. मी पोलिसांना फोन लावला. मिस ऑर्डेलाच्या हातातला तुकडा खाली पडला होता. तिनं कोरीनचा नंबर फिरवला.

"मिस ऑर्डेला! तुम्ही?" कोरीनचा आनंदी आवाज मलाही ऐकू आला.

"पोरी, तुझ्या मागच्या दाराला काच आहे का गं?"

"आहे ना! मोठ्ठी. पिया तिथंच खेळत बसलीय, इतकं छान ऊन येतं."