अलापाटीने मारलेला मनुमेआ

सवाइ बेटावर, डोंगरउताराच्या आमच्या गावात, अलापाटीसारखा कबुतरांचा शिकारी दुसरा नव्हता. लग्न असो की मयत, गावप्रमुख त्यालाच रानात धाडायचे. त्याची बायको फुआटीनो मात्र त्याची टर उडवायची. कबुतरंच म्हातारी झालीत, म्हणून याच्या हाती लागतात, म्हणायची.

पुढे तिच्या पोटात गाठ झाली. आपिया शहरातल्या डॉक्टरांनी तिला घरी न्यायला सांगितलं. अळकुड्या, मासे, नारळाच्या दुधात शिजवलेला अळूचा पाला, तिला काहीच गोड लागेना. एका पहाटे ती म्हणाली, आईच्या हातचा कबुतराचा रस्सा आठवतोय. शिकारीला तेव्हा बंदी होती. तरी अलापाटी बंदूक घेऊन चढणीला लागला.

रानात धुकं होतं. उंच फांदीवर घुमल्याचा आवाज आला, काळसर आकृती दिसली आणि त्याने चाप ओढला. पडलेला पक्षी तसाच पिशवीत टाकून त्याने घरी आणला, माझ्यापुढे ठेवला. मी त्यांची शेजारीण. त्या दिवसांत त्यांची चूल मीच सांभाळत होते. पिसं उपटायला घेतला, तर चोच लालभडक, आकड्यासारखी वाकलेली, खालच्या बाजूला दाते. हे नेहमीचं रानकबुतर नव्हतं. मनुमेआ होता. कित्येक वर्षांत गावात कुणाच्या दृष्टीस पडला नव्हता.

अलापाटीने पक्षी उचलून ती चोच पुन्हा पुन्हा पाहिली. मी हळूच म्हटलं, डोकं टाकून देते, तिला काय कळणार? पण फुआटीनोने चटईवरूनच हात पुढे केला. पक्षी पोटाशी घेऊन ती त्याच्या पंखांवरून बोटं फिरवत राहिली.

"मला वाटलं होतं, हे संपले," ती म्हणाली.

"धुक्यात दिसला नाही गं. आता मेलाच आहे, तर दोन घोट घे. तुझ्यासाठीच गेलो होतो."

"ठाऊक आहे रे मला. पण हा माझ्या घशाखाली उतरायचा नाही. पुरून ये."

त्याने तो नीरफणसाखाली पुरला. त्याच आठवड्यात ती गेली.

नंतर अलापाटी रोज रानात जाऊ लागला, बंदूक न घेता. जिथे तो पक्षी पडला होता, त्याच झाडाखाली बसून राहायचा. म्हातारा पाखरांना प्रार्थना शिकवतोय, असं लोक हसायचे. एकदा मी विचारलं, काही ऐकू येतं का?

"त्या मनुमेआच्या मागे कुणी उरलं असतं, तर हाक मारलीच असती," तो म्हणाला. "कुणीच नाही गं. आणि हिला मी उपाशी धाडली."

आता त्याच्याने चढण होत नाही. गावजेवणात रानकबुतर वाढायला घेतलं की तो उठून बाहेर जातो. त्याला कुणी थांबवत नाही.